सोपे गाणे महाग पडते

तबकडीच्या वेष्टनावर सहसा काय असते? गायकाचा फोटो असतो, गाण्यांची नावे असतात, कंपनीचा शिक्का असतो. कुठे कोपऱ्यात बारीक टाइपात साथीदारांची नावे असतात. १९७८ साली लंडनमध्ये निघालेल्या एका छोट्या तबकडीच्या वेष्टनावर मात्र चक्क खर्चाचा तपशील होता. स्टुडिओचे भाडे किती पडले, मास्टर तयार करायला किती लागले, कारखान्यात तबकड्या दाबून काढायला किती, मधोमध चिकटवायच्या लेबलांना किती, हे सगळे त्यात आकड्यांसह दिले होते. वेष्टन तरी कसले, फोटोकॉपी काढून हाताने दुमडलेला कागद. तबकडीचे नाव होते 'स्कँक ब्लॉक बोलोन्या' आणि ती काढणाऱ्या बँडचे नाव 'स्क्रिटी पोलिटी'.

माझ्या आयुष्यातली तीसएक वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली. प्रकल्प अहवाल म्हणजे काय, तो कसा सजवतात आणि त्यातला कुठला आकडा कशासाठी फुगवलेला असतो, याची थोडीफार जाण नोकरीने दिली. पण आपला प्रकल्प अहवाल आपल्याच मालाच्या वेष्टनावर छापून गिऱ्हाइकाच्या हातात देणारा उद्योजक मला कधी भेटला नाही. त्यामुळे मुलाच्या संग्रहातून या बँडची ओळख झाली तेव्हा गाण्याआधी मी त्या वेष्टनाच्याच प्रेमात पडलो, हे सांगायला हरकत नाही. त्या तपशिलामागचा हेतू साधा होता. तबकडी काढण्यात काही जादू नाही, ती कुणालाही काढता येते, हा घ्या हिशेब आणि तुम्हीही काढा, एवढेच त्यांना सांगायचे होते.

पुढे अवघ्या सात वर्षांत याच नावाने आणि याच गायकाने त्या काळातला अत्यंत चकचकीत, घोटीव आणि खर्चिक असा पॉप संगीताचा एक अल्बम काढला. आरंभीची त्यांची गाणी अडखळणारी, तुटक, ऐकणाऱ्याची परीक्षा पाहणारी होती. नंतरची गाणी टॅक्सीतल्या रेडिओवर लागली की ड्रायव्हरने आवाज वाढवावा अशी. जुन्या चाहत्यांपैकी काहींना हा विश्वासघात वाटला, तर काहींना ही वाढ वाटली. हा वाद एका बँडपुरता नाही. प्रायोगिक नाटक करणारा व्यावसायिक रंगभूमीवर जातो, मोजक्या वाचकांचा कवी चित्रपटासाठी गीते लिहू लागतो, तेव्हा आपणही हाच वाद घालतो. स्क्रिटी पोलिटीच्या बाबतीत या वादातला जमाखर्च पुष्कळसा उघड्यावर आहे, म्हणून त्यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

बँडच्या नावापासून सुरुवात करू. इटलीतले कम्युनिस्ट विचारवंत अंतोनिओ ग्राम्शी १९२६ साली मुसोलिनीच्या तुरुंगात गेले, तिथे त्यांनी वह्यांमागून वह्या लिहिल्या आणि १९३७ साली त्यांचा अंत झाला. त्यांच्या राजकीय लेखनाला इटालियनमध्ये 'स्क्रिती पोलितिची' म्हणतात. बँडच्या मंडळींनी हे नाव किंचित मोडून 'स्क्रिटी पोलिटी' असे केले. रॉक अँड रोलच्या जमान्यातल्या 'टूटी फ्रूटी'सारखे ते कानाला वाजावे, हा हेतू. म्हणजे एकीकडे ग्राम्शी आणि दुसरीकडे टूटी फ्रूटी. या बँडचे पुढचे सगळे भांडण या एका नावात आधीच येऊन बसले होते.

बँडचा कर्ता ग्रीन गार्टसाइड. जन्म १९५५, वेल्समधील कार्डिफचा. शाळेत असतानाच त्याने मित्राबरोबर तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेची शाखा काढली होती. तो मित्र म्हणजे नायल जिंक्स, पुढे बँडमध्ये बास गिटार वाजवणारा. ग्रीन लीड्सच्या पॉलिटेक्निकमध्ये चित्रकला शिकायला गेला. तिथे डिसेंबर १९७६मध्ये सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश यांचा कार्यक्रम झाला. त्या दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम गावोगावच्या नगरपालिकांनी आणि नाट्यगृहांच्या मालकांनी घाबरून रद्द केले होते, लीड्सचा झाला. तो पाहून ग्रीन, जिंक्स आणि लीड्सचाच विद्यार्थी टॉम मॉर्ली यांनी बँड काढायचे ठरवले. मॉर्ली ड्रम वाजवणार होता. वाद्ये धड येत नव्हती, पण पंक संगीताने ती अट काढूनच टाकली होती. मंडळी लंडनला आली आणि कॅम्डन भागातल्या एका रिकाम्या घरात घुसून बिनभाड्याने राहू लागली. त्या काळी लंडनमध्ये असे राहणारे तरुण हजारोंनी होते.

घरात वाद्यांपेक्षा पुस्तके जास्त होती आणि वादकांपेक्षा चर्चेला बसणारे जास्त. गाणे म्हणजे काय, ते विकायचे म्हणजे काय, सुबक चाल ऐकणाऱ्याला गुंगी आणते का, असे प्रश्न रात्र रात्र चालत. या चर्चेतून जे संगीत निघाले ते तसेच होते. मध्येच ताल सुटायचा, गिटार खरवडल्यासारखी वाजायची, जमैकातल्या रेगे संगीताची लय येता येता थबकायची. 'स्कँक ब्लॉक बोलोन्या' या नावातले बोलोन्या म्हणजे इटलीतले कम्युनिस्टांच्या ताब्यातले शहर. तिथे १९७७ साली तरुणांचा मोठा उठाव झाला होता आणि नगरपालिका चालवणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाविरुद्धही त्या तरुणांचा राग होता. बीबीसीवर नव्या संगीताचा पाठपुरावा करणारे जॉन पील यांनी हे गाणे उचलले, बँडला ध्वनिमुद्रणासाठी बोलावले, आणि अडीच हजार प्रती काढलेल्या त्या तबकडीचे नाव चळवळीबाहेरही पोचले.

इथे 'इंडी' या शब्दाविषयी थोडे सांगायला हवे. आज तो शब्द एका विशिष्ट धाटणीच्या संगीताला लावतात. मूळ अर्थ मात्र निव्वळ व्यवहाराचा आहे. 'इंडिपेंडंट' म्हणजे ज्या तबकडीचा पैसा आणि वितरण बड्या कंपन्यांच्या हातात नाही ती. जानेवारी १९७७मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्सनी मित्रांकडून आणि घरून पाचशे पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी स्वतः काढली. पहिली खेप एक हजार प्रतींची होती. पुढे ती सोळा हजारांपर्यंत गेली. त्याच वर्षी डेस्परेट बायसिकल्स या बँडने आपली पहिली तबकडी १५३ पौंडांत काढली आणि हा आकडा पुढच्या तबकडीच्या वेष्टनावर जाहीर करून टाकला. स्क्रिटी पोलिटीने ही रीत आणखी पुढे नेली आणि सबंध हिशेबच मांडला.

माल तयार झाला तरी तो दुकानात पोचवायचा कसा, हा लघुउद्योजकाचा जुना प्रश्न. त्याला उत्तर दिले 'रफ ट्रेड'ने. जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ साली पश्चिम लंडनमध्ये सुरू केलेले हे तबकड्यांचे दुकान. तिथून आधी वितरण सुरू झाले आणि १९७८पासून त्यांचे स्वतःचे लेबलही निघाले. खर्च वजा जाता राहिलेला नफा कलावंत आणि लेबल यांच्यात निम्मा निम्मा वाटायचा, असा त्यांचा करार असे. बड्या कंपन्यांच्या करारात कलावंताच्या वाट्याला काय येते हे ज्याला माहीत आहे, त्याला या निम्म्या वाट्याचे मोल कळेल. १९८० साली ब्रिटनमध्ये अशा स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची वेगळी यादी प्रसिद्ध होऊ लागली. म्हणजे चळवळीला स्वतःची बाजारपेठ मिळाली. आपल्याकडे साठच्या दशकात लघुअनियतकालिके काढणाऱ्यांनी सायक्लोस्टाइलच्या कागदावर जे केले, त्याच जातीचा हा उद्योग होता.

अशा उद्योगाला एक धोका कायम असतो. दुर्बोधता हे सुरुवातीला शस्त्र असते. पुढे तेच घर होते. मोजके ऐकणारे मोजक्या वाजवणाऱ्यांना ओळखतात, एकमेकांची पाठ थोपटतात, आणि बाहेरच्याला कळले नाही तर दोष बाहेरच्याचा, असे ठरून जाते. ज्यांच्यासाठी हे सगळे चालले आहे असे म्हणायचे, तो कामगार, ती दुकानात काम करणारी मुलगी, ते या खोलीत कधी आलेलेच नसतात. ते नाचायला दुसरीकडे गेलेले असतात.

ग्रीनला हे कळायला एक आजारपण कारण झाले. १९८०च्या सुरुवातीला ब्रायटनमध्ये गँग ऑफ फोर या बँडबरोबर कार्यक्रम झाला आणि त्यानंतर तो कोसळला. आधी हृदयाचे दुखणे वाटले. प्रत्यक्षात तो भीतीचा झटका होता. रंगमंचाची दहशत, जागरणे, अपुरे खाणे आणि अखंड चर्चा यांनी शरीराने हात टेकले होते. दुरावलेल्या आईवडिलांनी त्याची वेल्समधल्या एका छोट्या घरात सोय केली. तिथे तो काही महिने राहिला, आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे सोल, फंक, डिस्को असे नाचाचे आणि प्रेमाचे संगीत लक्ष देऊन ऐकू लागला. ज्याला त्याच्या वर्तुळात 'बाजारू' म्हणत, त्या संगीतात किती कारागिरी आहे आणि अंगाला भिडणारे किती काही आहे, हे त्याच्या ध्यानात आले.

आता त्याला गाणी करायची होती. चाल असलेली, धृपद असलेली, शिट्टीवर वाजवता येतील अशी. पण घरात लोकशाही होती आणि सोबत्यांना पटवल्याशिवाय पुढे जाणे शक्य नव्हते. मग त्याने काय केले? पानेच्या पाने लिहून काढली. आपण पॉपकडे का वळावे, याचे सविस्तर समर्थन त्याने सोबत्यांसाठी कागदावर मांडले. बँकेत आम्ही नवे खाते सुरू करताना टिपण लिहून वरच्या कार्यालयाला पाठवायचो. हा मनुष्य नवी चाल बांधण्यापूर्वी टिपण लिहीत होता. यात विनोद आहे खरा, पण मला त्याचा आदरही वाटतो. लोक बहुधा उलटे करतात. आधी मार्ग बदलतात आणि मग कारणे शोधतात.

त्याच्या बाजूने खुद्द ग्राम्शींनाच साक्षीला बोलावता आले असते. तुरुंगातल्या वह्यांमध्ये ग्राम्शींनी लोकप्रिय साहित्यावर पुष्कळ लिहिले आहे. इटलीतला सामान्य वाचक फ्रेंच लेखकांच्या क्रमशः कादंबऱ्या आवडीने वाचतो, आपल्या लेखकांना का हात लावत नाही, असा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांनी वाचकाला दोष देऊन दिले नाही. आपल्या बुद्धिमंतांचे लोकांशी नातेच उरलेले नाही, असे त्यांचे निदान होते. विचार पसरतो तो लोकांच्या रोजच्या आवडीनिवडींतून, करमणुकीतून, त्यांच्या बोलण्यातून, हे त्यांच्या लेखनाचे मोठे सूत्र. ज्या बँडने त्यांचे नाव लावले त्या बँडला हा प्रश्न एके दिवशी पडणारच होता.

या वळणावरचे पहिले गाणे म्हणजे 'द स्वीटेस्ट गर्ल'. १९८१ साली रफ ट्रेड आणि 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने मिळून वाचकांसाठी एक कॅसेट काढली, तिची सुरुवात या गाण्याने झाली. ड्रम मशीनचा संथ ठेका, रेगेची सावली, रॉबर्ट वायट या ज्येष्ठ संगीतकाराने वाजवलेला किबोर्ड आणि त्यावर ग्रीनचा उंच, पातळ, गोड आवाज. आधीच्या गाण्यांत हा आवाज खरवडीखाली दडलेला होता. तो इतका सुरेल आहे याचा अनेकांना पत्ताच नव्हता. नाव तर अगदी प्रेमगीताचे, सर्वांत गोड मुलगी! पण छापताना 'स्वीटेस्ट गर्ल' हे दोन शब्द अवतरणचिन्हांत टाकलेले आहेत. म्हणजे ही मुलगी आहे की मुलीविषयी आजवर लिहिल्या गेलेल्या सगळ्या गाण्यांतली कल्पना आहे, असा चिमटा त्यात आहे. ऐकणाऱ्याला तो लागला नाही तरी गाणे गोडच लागते आणि ज्याला लागला त्याला दुप्पट मिळते. चर्चेची ती सारी रात्र दोन चिन्हांत मावली. पुढे १९८६ साली मॅडनेससारख्या लोकप्रिय बँडने हे गाणे आपल्या पद्धतीने गायले.

१९८२मध्ये रफ ट्रेडवरच पहिला अल्बम आला, 'साँग्ज टु रिमेंबर'. लक्षात राहण्याजोगी गाणी, हे नावही अर्धे गंभीर आणि अर्धे थट्टेचे. त्यात एक गाणे फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा यांच्या नावाचे आहे, आणि त्यावर नाचताही येते. ब्रिटनच्या यादीत अल्बम बाराव्या क्रमांकापर्यंत गेला. एका दुकानातून उगवलेल्या लेबलसाठी ही लहान गोष्ट नव्हती. मात्र या काळात जुने सोबती एकेक करून गेले. शाळेपासूनचा मित्र जिंक्स गेला, मॉर्ली गेला, व्यवस्था पाहणारा मॅथ्यू के गेला. ड्रम मशीन आले की ड्रम वाजवणाऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न कुठल्याही गिरणीतल्या नव्या यंत्रासारखाच निर्दय असतो. पानेच्या पाने लिहूनही या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. सोपे गाणे महाग पडते असे मी म्हणतो, तेव्हा त्या किमतीत हा आकडा धरावा लागेल. तो कुठल्याही वेष्टनावर छापलेला नाही.

दुसरा आकडा पैशांचा. ग्रीनच्या डोक्यात जे संगीत वाजत होते ते न्यूयॉर्कच्या नाचघरांतले होते. त्यासाठी लागणारी यंत्रे, स्टुडिओ आणि वेळ रफ ट्रेडच्या गल्ल्यात बसणारी नव्हती. १९८३ साली तो व्हर्जिन या मोठ्या कंपनीकडे गेला. न्यूयॉर्कमध्ये त्याला डेव्हिड गॅम्सन हा किबोर्डवादक आणि फ्रेड माहर हा ड्रमवादक मिळाला, आणि पहिल्या काही गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाची सूत्रे आली आरिफ मार्दिन यांच्याकडे. मूळचे तुर्कस्तानचे मार्दिन हे अटलांटिक कंपनीतले नावाजलेले निर्माते. अरेथा फ्रँकलिनच्या रेकॉर्ड्सवर त्यांनी काम केलेले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले गाणे म्हणजे 'वुड बीझ', आणि त्याच्या नावातच कंसात अरेथा फ्रँकलिनसारखी प्रार्थना करण्याचा उल्लेख आहे. वेल्समधल्या घरात बसून ज्या गायिकेच्या तबकड्या ऐकल्या, तिच्याच निर्मात्याबरोबर काम करायला मिळणे हे भाग्यच. १९८४ साली हे गाणे ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकावर गेले. पुढच्या वर्षी 'द वर्ड गर्ल' सहाव्या क्रमांकावर पोचले, आणि 'क्युपिड अँड सायकी ८५' हा अल्बम पाचव्या.

हा अल्बम ऐकताना माझ्यासारख्या लेखकाला हेवा वाटतो तो त्याच्या जडणघडणीचा. एकही स्वर सैल नाही. एक वाद्य दोन मात्रा वाजून थांबते, त्याच्या मोकळ्या जागेत दुसरे येते, त्याच्या मागे तिसरे. घड्याळाचे झाकण उघडून चाके पाहावीत तसे. आणि हे सारे यांत्रिक कोडे वर तरंगणाऱ्या एका हलक्या, जवळजवळ निरागस आवाजाखाली लपवलेले. ऐकणाऱ्याला कष्ट नाहीत, कारण ते सगळे करणाऱ्याने आधीच उपसले आहेत. अडखळती तबकडी दोन दिवसांत होऊ शकते. ही गाणी घडायला वर्षे लागली. अवघड लिहिणे अवघड असते हा आपला समज आहे. वास्तविक, मनातला गुंता जसाच्या तसा कागदावर उतरवणे त्या मानाने सोपे. तोच गुंता न सोडवता, न लपवता, पण दुसऱ्याच्या हातात अलगद देता येईल असा बांधणे, यात माणूस झिजतो.

'द वर्ड गर्ल'चेच उदाहरण घ्या. रेगेची लय, पहिल्याच ऐकण्यात ओठांवर बसणारी चाल. विषय मात्र 'मुलगी' हा शब्द. पॉप गाण्यांत हा शब्द इतक्या वेळा आणि इतक्या सहज वापरला जातो, की त्यामागची खरी मुलगी दिसेनाशी होते, हे ते गाणे सांगते. चार वर्षांपूर्वी अवतरणचिन्हांत विचारलेला प्रश्नच इथे पुन्हा विचारला आहे. कॅम्डनच्या घरातही हाच प्रश्न होता. तेव्हा तो अडीच हजार घरांत गेला, आता लाखोंच्या कानांवर पडला. लाखातल्या किती जणांनी तो ओळखला, असे कुणी विचारील. पण अडीच हजारांतल्या किती जणांनी ओळखला होता, हेही मग विचारावे लागेल.

मग यात गमावले काय? गमावले पुष्कळ. पहिले म्हणजे ते वेष्टन. १९८५च्या अल्बमवर खर्चाचा तपशील छापणे शक्य नव्हते, आणि छापला असता तरी तो वाचून कुणाला 'आपणही काढू' असे वाटले नसते. पूर्वीची तबकडी ऐकणाऱ्याला करणारा बनवू पाहत होती. हा अल्बम ऐकणाऱ्याला तृप्त करून घरी पाठवतो. दोन्हींचे मोल वेगळे आहे आणि एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. दुसरे म्हणजे निम्मा वाटा देणारे ते लहान घर. लहान शाखेने ज्याला पहिले कर्ज दिले, त्याच्या बऱ्यावाईट दिवसांत ज्याला सांभाळले, तो खातेदार मोठा झाला की मोठ्या बँकेत जातो. त्याचे गणित बरोबरच असते, कारण त्याला लागणारे खेळते भांडवल शाखेच्या अधिकारात बसत नाही. तरी शाखेत त्या दिवशी चहा कडू लागतो. रफ ट्रेडच्या वितरण व्यवस्थेचा डोलारा १९९१मध्ये कोसळला आणि लेबलही त्यात गेले. त्याला एकटा ग्रीन कारण नव्हता, कारणे पुष्कळ होती. पण वाढणाऱ्याला वाढीपुरते भांडवल पुरवू न शकणे हे अशा सगळ्या स्वतंत्र उद्योगांचे दुखणे आहे. संगीतात आहे, प्रकाशनात आहे, सहकारातही आहे.

तिसरे म्हणजे रंगमंच. ब्रायटनच्या त्या रात्रीनंतर ग्रीन लोकांपुढे गायला उभा राहिला नाही. गाणी अमेरिकेत पोचली. 'परफेक्ट वे' तिथल्या यादीत अकराव्या क्रमांकावर गेले. जाझचा सम्राट माइल्स डेव्हिस याने ते १९८६च्या आपल्या 'टुटू' या अल्बममध्ये ट्रम्पेटवर वाजवले आणि दोन वर्षांनी ग्रीनच्या 'ओ पॅटी' या गाण्यात स्वतः येऊन वाजवून गेला. ज्याला वाद्य धड येत नव्हते त्याच्या चालीला याहून मोठी पावती कोणती मिळणार? पण गायक लोकांसमोर येईना. गाणी सर्वांसाठी खुली झाली आणि ती करणारा बंद खोलीत राहिला. १९८८च्या 'प्रोव्हिजन' या अल्बमनंतर काही काळाने तो वेल्सला परतला आणि जवळजवळ नाहीसाच झाला. पुढचा अल्बम आला तो अकरा वर्षांनी, १९९९ साली. लोकप्रियतेची वाट चालून गेलेल्याला ती वाट सोसतेच असे नाही.

हा सारा जमाखर्च मांडल्यावर विश्वासघाताचा आरोप कुठे उरतो? माझे मत विचाराल तर तो टिकत नाही. बाजाराने बोलावले म्हणून एखादा सोपा होतो, आणि आपल्याला जे म्हणायचे आहे ते अधिक लोकांपर्यंत पोचावे म्हणून एखादा सोपा होतो. दोघांची गाणी वरवर सारखी दिसू शकतात. फरक ओळखण्याची एक खूण आहे. पहिल्याने वाटेत आपला प्रश्न टाकून दिलेला असतो. दुसऱ्याने तो बरोबर आणलेला असतो. सोपे आणि सवंग यांतली रेघ तिथे आहे. चालीत, ठेक्यात किंवा खपाच्या आकड्यात ती शोधू नये. आपल्या संतांना हे अधिक चांगले ठाऊक होते. जात्यावरच्या ओवीतून त्यांनी जे सांगितले ते पंडितांना अजून पुरते उलगडलेले नाही.

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी. सोबत्यांना सोडून, लहान घर सोडून केलेल्या प्रवासाला 'लोकांसाठी' हे एकच नाव देणे सोयीचे असते. ग्रीनला लोकांपर्यंत जायचे होते, तसे त्याला सुंदर काही घडवायचे होते, आणि यशस्वीही व्हायचे होते. या तीन इच्छा एकाच माणसात राहतात. त्यांतल्या एकीच्या नावाने तिघींचे कर्ज काढले जाते. आम्हा कर्ज देणाऱ्यांना हे ठाऊक असते. आम्ही अर्जाचा हेतू वाचतो आणि माणसाकडे पाहतो.

या गोष्टीचा उत्तरार्ध मला फार आवडतो. २००५ साली रफ ट्रेडने, जे तोवर नव्याने उभे राहिले होते, त्या जुन्या अडखळत्या तबकड्या एकत्र करून 'अर्ली' या नावाने पुन्हा काढल्या. जानेवारी २००६मध्ये दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या 'विंडमिल' नावाच्या एका छोट्या पबमध्ये एक अनोळखी बँड वाजवायला उभा राहिला. नाव लावले होते 'डबल जी अँड द ट्रेटरस थ्री'. डबल जी म्हणजे ग्रीन गार्टसाइड, आणि ट्रेटरस थ्री म्हणजे तीन गद्दार. सव्वीस वर्षांनी तो लोकांपुढे गात होता आणि गद्दारीचा शब्द त्याने स्वतःच पाटीवर रंगवून आणला होता. त्याच वर्षी 'व्हाइट ब्रेड ब्लॅक बिअर' हा अल्बम रफ ट्रेडवर आला. घरच्या घरी, बहुतेक सगळे एकट्याने केलेला. मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत त्याला जागा मिळाली. त्यात १९७८चा आडमुठेपणा नाही आणि १९८५ची चकाकीही नाही. साध्या चाली आहेत, थरावर थर चढवलेला तोच आवाज आहे. ज्या घरातून गेला त्याच घरात खातेदार परत आला, आणि या वेळी मोठ्या भांडवलाची गरज उरली नव्हती.

ती उरली नव्हती, कारण दरम्यान यंत्रे स्वस्त झाली होती. आज तर एका लॅपटॉपवर कुणालाही घरबसल्या अल्बम करता येतो आणि त्याच रात्री जगभर पोचवता येतो. कॅम्डनच्या त्या घरात पाहिलेले अर्धे स्वप्न तंत्रज्ञानाने पुरे केले. तबकडी काढायला आता हिशेबाचा कागद लागत नाही. उरलेले अर्धे मात्र होते तिथेच आहे. काढलेले गाणे अनोळखी माणसाला आपले वाटावे म्हणून काय सोडायचे आणि काय मुळीच सोडायचे नाही, हे प्रत्येक गाणाऱ्याला, आणि लिहिणाऱ्यालाही, ज्याचे त्याने ठरवावे लागते. तो खर्च पूर्वीही माणसाच्या आयुष्यातूनच वळता होत असे. आजही तसाच होतो.